दुर्बिणीतला डाग

...आणि वर तो दुकानदार गेलॉर्ड मलाच विचारतो, "काकू, काच पुसून बघितलीत का?" म्हणजे बघा! चौऱ्याहत्तर वर्षांची बाई मी, एक्केचाळीस हंगाम बंदूक चालवलेली, हरणाचं कातडं पायातला मोजा काढावा तसं उतरवते, आणि हा मला काच पुसायला शिकवतो! पुसली होती. शर्टाने पुसली, मऊ फडक्याने पुसली, त्याने दिलेल्या बाटलीतलं निळं पाणी मारून पुसली... डाग जागचा हलेल तर शपथ! तुम्हाला सांगते, बंदुकीवरच्या दुर्बिणीत बरोब्बर मधोमध डाग. कडेला नाही, कोपऱ्यात नाही. त्या दोन रेघांची फुली असते ना, जिच्यावर हरणाचं काळीज धरायचं, नेमका तिथेच!

आता आमच्या आयोवात जमीन ताटासारखी सपाट. मोठ्या रायफलीची गोळी सुटली की तीन शेतं ओलांडून कुणाच्या तरी स्वयंपाकघरात जायची, म्हणून तिला बंदी. आम्ही हरणाला छर्‍याची बंदूक वापरतो, आणि तीत छर्‍यांऐवजी एकच शिशाची गोळी, अंगठ्याएवढी. स्लग म्हणतात तिला. साठ-सत्तर पावलांचा मामला सगळा. पण लाथ? गाय परवडली! म्हणून दुर्बीण डोळ्यापासून तीन इंच लांब हवी. जवळ बसवलीत की धक्क्यासरशी मागे येते आणि भुवई फोडते. आमच्या ड्वेनच्या, म्हणजे माझ्या धाकट्या दिराच्या, भुवईवर अर्धा चंद्र कोरलेला आहे, तो काय शोभेला? चर्चमध्येसुद्धा टोपी काढायला लाजतो मेला.

तर तीन इंच. हे मला ठाऊक, गेलॉर्डला ठाऊक. तरी तो आपला बारा पट मोठं दाखवणारी काढतो. "काकू, हरणाच्या पापण्या मोजाल!" अरे, मला हरिण मारायचंय, त्याला काजळ नाही घालायचं! दोन पट पुरे, फार तर चार. मात्र मधोमध स्वच्छ दे. एवढंच मागणं. जास्त आहे का? तुम्हीच सांगा.

एवढी का हटून बसले होते ते ऐका. आमच्या ड्वेनच्या गोदामात एक भिंत आहे. ज्याचा नेम चुकला, त्याच्या शर्टाची मागची झोळ, विजारीत खोचतात ती, सगळ्यांदेखत कात्रीने कापायची, त्यावर नाव, काय चुकलं आणि किती अंतरावरून ते लिहायचं आणि खिळ्याने ठोकायची. ड्वेनच्या सात आहेत. माझा नवरा लॅव्हर्न, देवाघरी जाऊन सहा वर्षं झाली त्याला, त्याच्या दोन. माझी? एकही नाही! एक्केचाळीस वर्षांत माझ्या शर्टाला कात्री लागली नाही. दर डिसेंबरात पुरुष माणसं ओढ्यातून हाका घालत, हरणं पुढे पिटाळत येतात आणि ओढ्याच्या तोंडाशी, अक्रोडाखाली, बंदूक घेऊन मी. आधी लॅव्हर्नची जागा, मग माझी. ती जागा गेली की बाईमाणसाला काय उरतं? राजमा-खिम्याचं पातेलं ढवळणं. मी ढवळणार? मी?

पण गेल्या वर्षी... गेल्या वर्षी एक हरणी आली. पन्नास पावलं. उभी राहिली, माझ्याकडे बघत. मी उजवा डोळा लावला, डावा मिटला, आणि दुर्बिणीत धूर भरल्यासारखं झालं. वाटलं, थंडीने वाफ धरली असेल. चाप ओढला. लागली. पोटात लागली. रक्त काळपट, हिरवट. ज्यांना कळतं त्यांना कळलं. संध्याकाळपर्यंत मागावर फिरलो, मग अंधार झाला. सकाळी सापडली, कुंपणाला टेकलेली. आमच्या आधी कोल्हे पोचले होते आणि हरणी त्या वेळी जिवंत होती, हे बर्फावरच्या खुणांवरून लहान मुलालाही वाचता आलं असतं.

माझी झोळ कुणी कापली नाही. कात्री तिथेच टेबलावर होती. ड्वेन म्हणाला, "जाऊ द्या वहिनी, लागली तर होती." आणि सगळे कॉफीत बघायला लागले. कीव! मला! त्याच दिवशी मी ठरवलं, फुलीवर स्वच्छ दिसेल तरच पुन्हा अक्रोडाखाली बसायचं. नाहीतर नाही.

दोष कुणाचा? दुर्बिणीचा! लॅव्हर्नने बसवलेली होती ती. उपटली आणि दिली ड्वेनच्या गोदामातल्या खिळ्यांच्या बादलीत टाकून. मेलेल्या माणसाला शिव्या दिल्या हो मी. "स्वस्तातलं आणायची खोडच तुला, जोडेसुद्धा तसलेच आणायचास!"

मग नवी घेतली. घरी येऊन कोठाराच्या दारावर रोखली. बरोब्बर मधोमध डाग! परत केली. दुसरी, जरा भारीतली. डाग! परत. गेलॉर्ड म्हणाला, "काकू, ही तर जपानी काच आहे." म्हटलं, "मग जपानात कुणीतरी बोट लावलंय!" तिसरी थेट कारखान्यातून मागवली, खोकं माझ्यासमोर फोडलं, माणसाचा हात लागलेला नाही. दुकानाच्या दारात उभी राहून रस्त्यापलीकडच्या धान्याच्या उंच कोठीवर रोखली...

डाग. तोच. आकारही तोच, भिजलेल्या बोराएवढा.

हंगाम उघडायला पाच दिवस उरलेले. असा आवाज चढवला मी, तुम्हाला सांगते, आमिषं घ्यायला आलेली दोन गिर्‍हाइकं आमिषं तिथेच ठेवून गेली. चोर म्हटलं, लबाड म्हटलं, त्याच्या बापाचंही नाव काढलं. बाप बिचारा सज्जन होता. गेलॉर्ड गल्ल्यामागून बाहेर आला, माझ्या हातातली दुर्बीण काढून घेतली आणि फार हळू म्हणाला, "काकू, आता नुसत्या डोळ्याने. डावा डोळा मिटा. आणि माझ्या नाकाकडे बघा."

बघितलं.

टोपी होती. दोन कान होते. शर्टाची कॉलर होती. मधे गेलॉर्ड नव्हता.

दुकानात तिन्ही खोकी ओळीने उघडी पडलेली. मी काय करावं? मान जराशी वळवली, तसा कडेने त्याचा गाल दिसला. आणि तेव्हा मला माझी आई आठवली. शेवटची नऊ वर्षं ती खिडकीशी बसून माणसांकडे अशीच बघायची, मान तिरकी करून, कोंबडीसारखी. आम्ही पोरं मागून नक्कल करायचो तिची. खुदूखुदू हसायचो.

"कधीपासून वळवतेय मी मान?" मी विचारलं.

"गेल्या उन्हाळ्याच्या आधीपासून, काकू."

"मग बोलला का नाहीस, गाढवा?"

"तुम्ही बोलू देता का?"

डॉक्टरकडे जाऊन आले. उजव्याचं मधलं गेलंय, परत येणार नाही, म्हणाली. आणि डावा? "बघू." डॉक्टर जेव्हा 'बघू' म्हणते ना, तेव्हा समजून घ्यायचं, कुणाचं बघणं राहिलंय आणि कुणाचं नाही. ड्वेन म्हणतो, "वहिनी, डाव्या खांद्याने शिका!" अरे, शिकेन. आणि शिकेपर्यंत पोटात किती मारू?

काल दुपारी गोदामात गेले. बादलीतून लॅव्हर्नची दुर्बीण काढली, डाव्या डोळ्याला लावली. समोरच्या पत्र्यावरचा खिळा न् खिळा दिसला. लख्ख. चांगली घेतली होती हो माझ्या नवऱ्याने. तिला पुसून खिशात ठेवली, शर्ट विजारीतून ओढून बाहेर काढला आणि ड्वेनच्या हातात कात्री दिली.

"वहिनी, अहो, तुमचा नेम कुठे चुकलाय? हरणी लागली होती!"

"लागली होती, म्हणूनच काप."

त्याने कापली. वाकडीतिकडी कापली मेल्याने. मग लिहायची शाई घेतली आणि बसला माझ्या तोंडाकडे बघत.

"लिही. आर्डिस. काय चुकलं, तर एक हरणी, चार दुर्बिणी."

लिहिलं त्याने. नाक ओढलं. "आणि अंतर, वहिनी?"

"तीन इंच," म्हटलं. "आणि ठोक लवकर, मला राजमा भिजत घालायचाय."