मधली बडबड

सर, मला सांगा, भरवसा कुणावर ठेवायचा? मशीनवर, शिकलेल्या माणसावर, की स्वतःवर?

शहागंजच्या आमच्या कापडदुकानात प्रज्ञा नावाची पोरगी यायची, देवगाव रंगारीची. बाजारातली जुनी बोली कॉम्प्युटरवर जपायची, यावर तिची पीएचडी. त्यासाठी फेलोशिपही मिळालेली. माझ्या वडलांना, नव्वदीच्या अण्णांना, तिनं तीन दुपारी बोलतं केलं आणि सगळं रेकॉर्ड केलं. अण्णा निजामाच्या काळातल्या कापडांची नावं सांगायचे, आणि मधेच माझ्यावर ओरडायचे, "बाळ्या, गाढवा, गिऱ्हाईक उभं हाय, दिसत नाय का?"

साठीचा माणूस मी, मला लाज वाटली. पोरीला म्हटलं, "ती मधली बडबड काढून टाक. विद्यापीठात लोक हसतील."

दिवाळीआधी अण्णा गेले. महिन्याभरानं मी तिच्याकडं गेलो, म्हटलं अण्णांचा आवाज ऐकव. तिनं माझ्या कानाला हेडफोन लावला. आवाज लई साफ. मलमल होती, छीट होतं, मश्रू होतं.

"पोरी, यात बाळ्या कुठंय?"

ती म्हणाली, "काका, तुम्हीच काढायला लावलं होतं. मूळ फाईल ठेवायला जागा नव्हती, पुसली."

आता मला बाळ्या म्हणणारं कुणी उरलं नाय, सर.

तुमची सून तसलंच काम सुरू करतीय म्हणे. तिला एवढं सांगा, काय ठेवलं ते लिहिशील, तसा काय कापलं त्याचाही हिशोब इमानदारीनं ठेव. आणि कुणी कापायला लावलं, तेही लिही.