थरथरती कोकरं

बहीण : हा कालवडीच्या रक्ततपासणीचा कागद तुझ्या गोठ्यातल्या फळीवर सापडला, डब्यामागे खुपसलेला. तारीख वाच.

भाऊ : ताई, आधी बस तरी.

बहीण : उभीच बरी आहे. वाच.

भाऊ : चार महिन्यांपूर्वीची आहे.

बहीण : तेव्हा माझ्या मेंढ्या गाभण होत्या आणि तुझ्या गाईंबरोबर एकाच कुरणात चरत होत्या. आत्ता गुरांच्या डॉक्टरीणबाईंकडूनच येतेय. त्यांनी तुला समोर बसवून सांगितलं होतं, की ती खुरटलेली कालवड पोटातूनच रोग घेऊन आलीय, जिवंत असेतो तो पसरवत राहणार. गाभण मेंढीला लागला तर पोटातलं कोकरू हातचं जाणार. तिला वेगळी काढा आणि बहिणीला कळवा, असं म्हणाल्या. पुढं त्यांनी विचारलं तर तू म्हणालास, कळवलं.

भाऊ : कळवणार होतो.

बहीण : तोंडाला कुलूप लागलं होतं?

भाऊ : कळवलं असतं तर तू त्याच दिवशी तिला मारायला लावलं असतंस. तिच्या आईनं तिला जवळ घेतलं नाही, माझ्या बायकोनं बाटलीनं दूध पाजून जगवली. हिच्या मागे मागे अंगणभर फिरते. हिला कुठल्या तोंडानं सांगू?

बहीण : माझी बावीस कोकरं मेलेली निघाली. जगली ती थरथरतात. आचळ तोंडात धरता येत नाही त्यांना. मी मांडीवर घेऊन चमच्यानं पाजत होते, तेव्हा तू दारात येऊन काय म्हणालास?

भाऊ : ते आता नको काढूस, ताई.

बहीण : म्हणालास, तुझ्या चाऱ्याला बुरशी लागली असेल. मी सगळा चारा जाळला. चांगला, कोरडा चारा. त्या दिवसापासून मी स्वतःलाच शिव्या घालतेय.

भाऊ : चुकलं माझं.

बहीण : रोग आला म्हणून मी रागावलेली नाही. तो कुणाला विचारून येत नाही. पण मी जाळत होते आणि तू काटक्या पुढे सरकवत होतास. सख्खा भाऊ ना तू?

भाऊ : डॉक्टरीणबाईंना मी सकाळीच फोन केलाय. उद्या येऊन कालवडीला शेवटची सुई देतील.

बहीण : बायकोला सांगितलंस?

भाऊ : नाही अजून.

बहीण : म्हणजे आता तिच्यापासून दडवतोयस. जा आत. आत्ता सांग.

भाऊ : तू येतेस?

बहीण : नाही. तुझं तू निस्तर.

(भाऊ आत जातो. बऱ्याच वेळानं बाहेर येतो.)

भाऊ : सांगितलं. ऐकताच उठली. मागच्या दारानं गोठ्यात गेली, कालवडीजवळ बसलीय.

बहीण : बसू दे. आज धारा तू काढ.