बाकाखालचे आठ

आजी : तुझे पणजोबा रुळांवर खडी टाकणारे. आजोबा या शेडचे फोरमन. बाप जॅकवाला. त्या दोघांनी जन्मभर मालगाडीच्या वाघिणी उचलून चाकं बदलली. आणि तू इंजिनीअर झालीस ती शेड बंद करायचा कागद घेऊन यायला. बस.

नात : मी नाही बंद करत, आजी. तिन्ही देशांनी एकच रुंदीचा रूळ ठरवलाय. आता माल बंदरापासून न थांबता जाईल.

आजी : माझ्या सासऱ्यांच्या वेळी एकच होता. देश वेगळे झाले तेव्हा प्रत्येकाने आपली रुंदी निवडली, शेजाऱ्याची फौज गाडीत बसून येऊ नये म्हणून. फौज पायी आली. गहू तेवढा चाकं बदलेपर्यंत अडकला.

नात : त्या अडकण्यावरच आपली चूल पेटली ना?

आजी : पेटली. नाकारते का मी? लिलावात काय काय जाणार?

नात : परवा सगळं. चोवीस जॅक, भंगाराच्या भावाने.

आजी : सोळा.

नात : मी स्वतः मोजलेत.

आजी : मोजलेस. नोंदवही वाचलीस?

नात : थांब... सोळाच लिहिलेत. मग हे आठ कुठले?

आजी : सरहद्दीपलीकडचे. लढाईत आपले जॅक तोफांसाठी वितळवले. तिसऱ्या देशाचा गहू सरहद्दीच्या फाटकापलीकडे उभा आणि इकडे वाघीण उचलायला काही नाही. गाव तीन आठवडे कोंड्यावर होतं. पलीकडच्या फोरमनने कागद न करता आठ जॅक ढकलत आणून दिले. यांनी, तुझ्या आजोबांनी, शब्द दिला, परत करीन.

नात : मग केले का नाहीत?

आजी : बारा वर्षं फाटक बंद. उघडलं, तर बंदर वाढलं, काम वाढलं, आज नको उद्या झालं. ती चूक आमची. मात्र वहीत ते कधी चढू दिले नाहीत. तपासणीला साहेब आले की हे आठही बाकाखाली सारायचे आणि पुढे मी जेवणाचे डबे मांडून बसायची.

नात : आता पलीकडे तरी त्यांचा काय उपयोग?

आजी : तुमचा नवा रूळ मुख्य मार्गावर. त्यांच्या खाणीचा फाटा जुन्याच रुंदीचा आहे, खर्च झेपला नाही. तिथे वाघिणी अजून उचलाव्याच लागणार. आपण पुढे गेलो, ते राहिले. त्या फोरमनचा मुलगा आज तिथे फोरमन आहे. मी बोलावलंय त्याला.

नात : आजी, चोवीसवर माझी सही गेलीय. वर कळवायचं म्हणजे माझी चूक कबूल करायची.

आजी : मी आत्ता केली तशीच. खोड, आणि स्वतःच्या हाताने सोळा लिही.

(पलीकडचा फोरमन दारात येतो. जॅक एका ओळीत मांडलेले आहेत.)

फोरमन : काकू, वडील सांगायचे, आठ गेलेत, येतील. आम्ही हसायचो... हा शेवटचा आमच्या छापाचा नाही.

आजी : तुमचा तडकला, गव्हाच्या शेवटच्या वाघिणीखाली. यांनी तसाच ओतून घेतला. वजन करून घ्या.

फोरमन : वजन कशाला, काकू?

आजी : घ्या म्हणते ना.

फोरमन : ...आमच्यापेक्षा थोडा जडच भरला.

नात : आजी, लिहिलं. सोळा.

आजी : आता लाव कुलूप.