सिस्टरांचं आमेन

आजच्या निरोप समारंभाचे अध्यक्ष आदरणीय पाळकसाहेब, व्यासपीठावर दाटीवाटीने बसलेले विश्वस्त, सत्कारमूर्ती मोठ्या सिस्टर, आणि चहाच्या वासाने आधीच अर्ध्या उठलेल्या माझ्या सहकारी बंधुभगिनींनो,

बत्तीस वर्षं सिस्टरांनी आपलं ऑपरेशन थिएटर सांभाळलं. त्यांच्या वक्तशीरपणाबद्दल अध्यक्ष बोलतीलच. मी त्यांना झालेल्या एका उशिराबद्दल बोलणार आहे.

आपल्या रुग्णालयाची रीत तुम्हाला ठाऊक आहे. सर्जन प्रार्थना करतो, सिस्टर आमेन म्हणतात, मगच सुरी हातात देतात. माझी प्रार्थना ठरलेली : 'प्रभू, माझ्या हातांना यश दे.' प्रार्थना कसली, देवाला दिलेली तोंडी सूचनाच ती. हात माझे, यशही माझंच. प्रभूने फक्त सही करायची.

सात वर्षांपूर्वी त्या टेबलावर माझे वडील होते. आतड्याला पीळ पडलेला. तास-दोन तासांचा प्रश्न. सर्जनने जवळच्या नातलगावर सुरी चालवू नये, असा नियम आहे. भिंतीवर लावलाय, खाली सही माझी. पण बाबांना दुसऱ्याच्या हाती द्यायचं? आणि कोणाच्या? आपल्या धाकट्या डॉक्टरांच्या, ज्यांना मी चारचौघांत 'शिकाऊ लायसन्स' म्हणायचो?

भूल देण्याआधी बाबांनी विचारलं, "तू करणार की देव?"

"मीच. तुम्ही झोपा."

बाबा झोपले. मी प्रार्थना म्हटली, हात पुढे केला. सुरी आली नाही.

"सिस्टर, आमेन."

मास्कखाली त्यांचे ओठ हलत होते. आवाज नव्हता.

"सिस्टर, वेळ जातोय."

"कळतंय, डॉक्टर," त्या अगदी स्वच्छ आवाजात म्हणाल्या. "मी म्हणतेय. तेवढा शब्द निघत नाहीये."

पुन्हा ओठ हलले. पुन्हा काही नाही. एरवी टोमणा मारल्याशिवाय न राहणाऱ्या आपल्या भूलतज्ज्ञ बाईंनी मान खाली घातली. ट्रे हाताच्या अंतरावर होता. सुरी मी उचलू शकलो असतो. धीर होईना. त्या खोलीत आणखी कोणीतरी थांबलंय असं वाटत होतं, आणि त्याला अजिबात घाई नव्हती.

मग मी काय म्हणालो? फार सुंदर असं काही नाही. "प्रभू, बाबा तुझे आहेत. तुला हवं ते कर." आणि समोर मदतीला उभ्या असलेल्या धाकट्या डॉक्टरांना माझ्या जागी उभं केलं.

"आमेन," सिस्टर म्हणाल्या, आणि स्वतःच दचकल्या.

मी कोपऱ्यात उभा राहिलो. विसाव्या मिनिटाला माझा उजवा हात खांद्यापासून थंड पडला. बोटं वळेनात. त्या क्षणी समोर धाकट्या डॉक्टरांची बोटं बाबांच्या पोटात होती, एका रक्तवाहिनीवर. तासाभराने माझा हात आपसूक ठीक झाला. पुढे चार तज्ज्ञांनी तो तपासला. निर्दोष असल्याचा दाखला माझ्याकडे आहे.

बाबा त्यानंतर पाच वर्षं जगले, आणि तब्येत दाखवायला दर वेळी धाकट्या डॉक्टरांकडेच गेले.

सिस्टरांना मी एकदाच विचारलं, "मला का अडवलंत?" त्या चिडल्या. "मी कुठे अडवलं? मी तर जिवाच्या आकांताने म्हणत होते. तुमचे बाबा मला काय परके होते?"

म्हणजे अडवणाऱ्या त्या नव्हत्याच. तेव्हापासून थिएटरमध्ये शिरताना मी आधी दार वाजवतो. हसा खुशाल. आत कोणी नसतं तेव्हाही वाजवतो. तेव्हा जरा जास्तच अदबीने.

सिस्टर, आभार मानायला तुमचे उभा राहिलो आणि बोललो स्वतःबद्दलच, जुनी खोड. बोलण्यात काही अधिकउणं झालं असेल, तर सर्वांनी सांभाळून घ्यावं. सांभाळून घेतलं जाण्याची मला आता सवय झाली आहे.