तिरकी चाकं

निपाणीच्या टायरच्या दुकानात पद्मजाबाई पंक्चर निघायची वाट बघत होत्या. शेजारच्या बाकावर बापलेक समोर उभ्या आपल्या मोटारीकडं बघत बोलत होते.

"गोमटेश, गाडी कुठं धडकली रं? चाकं तिरकी झाल्यात."

"धडकली न्हाय आप्पा. मुद्दाम तिरकी बसवल्यात. फॅशन हाय."

"आणि मडगार्डच्या भाईर आल्यात ती?"

"ती बी मुद्दाम."

"मग आई मागं बसली की खरखरतंय कशानं?"

"वजनानं टायर घासतंय. मागं कुणी बसायचंच न्हाय."

"उद्या तिला डोळ्याच्या आपरेशनला बेळगावला न्यायचंय न्हवं? तिला पुढं बसव. मी एस्टीनं येतो."

पद्मजाबाईंनी त्यांच्या गाडीकडं निरखून पाहिलं. त्यात फॅशन कसली, ते त्यांनाही उमगेना.

गोमटेश बाकावरून उठला. मग त्यानं दुकानदाराला हाक मारली.

"अण्णा, तुमच्याकडं ठेवलेली आमची जुनी चाकं आजच बसवा."

"अरं, बिघडलंय तर काय न्हाय म्हंतोस, मग दुरुस्ती कशाची?" आप्पांनी विचारलं.