अनवाणी जाण्याची रुखसत

विषय: माजलगाव कचेरीतील कारकून दगडूराव यांस तुळजापूरला अनवाणी जाण्यासाठी रुखसत मिळणेबाबत.

निजामीत रजेला रुखसत म्हणत, एवढं ध्यानात ठेवा. बायको दुखण्यातून उठली, म्हणून दगडूरावांना नवस फेडायचा होता. अर्ज देऊन ते रोज बाभळीच्या सालीच्या काढ्यात तळवे बुडवून बसत, चामडं कमावतात तसं.

तहसीलदारांनी विचारलं, "पाय तयार झाले का?"

"पाय कवाच तयार हायत, साहेब. रुखसतीचं बघा."

"अर्ज वर पाठवलाय."

पावसाळ्यात दगडूराव पटकीनं गेले. तिरडीपाशी बायकोनं त्यांच्या तळव्यांवरून हात फिरवला. "एवढे तयार केलते, अन् एक कोसबी चालले न्हाईत."

तेरावं होताच तीच मऊ पायांनी तुळजापूरला निघाली. तिला रुखसत लागत नव्हती.

दगडूरावांचा अर्ज अद्याप विचाराधीन आहे.