विश्रामबुवांचे दात

मंडळी, एक विचारते. निसर्गानं दिलेलं ते चांगलं आणि माणसानं केलेलं ते हलकं — खरं की खोटं? ... अरे वा, बऱ्याच माना डोलल्या! मग धोतऱ्याचं फळ निसर्गाचंच की हो, देऊ प्रसादाला? — बघा, काकू मागे सरकल्या!

तर ऐका. कोकणातल्या एका गावात राममंदिर. रामनवमीला दोरी धरून पाळणा म्हणायचा तो विश्रामबुवांनीच! आणि कडक किती? देवाला प्लास्टिकचा हार — चालणार नाही! आपोआप वाजणारं नगाऱ्याचं यंत्र कुणी दिलं — परत पाठवलं! "रामापुढे नकली काही नको."

आणि एका वर्षी काय झालं? बुवांचे वरचे दातच गेले! 'दशरथ' म्हणायला जावं, तर बाहेर यायचा 'दफरथ'! पोरं फिदीफिदी हसायची. रामनवमी जवळ आली तशी मंदिराची पंचमंडळी घरी आली.

"बुवा, रागावू नका. यंदा पाळणा मोबाईलवर लावतो. स्पीकरवर छान ऐकू येईल."

मंडळी गेल्यावर बुवा भिंतीकडे तोंड करून बसले.

आणि कवळी? ती होती हो! लेकीनं हट्टानं नेऊन करून आणलेली, कपाटात वाटीत पडून! सुलोचनाकाकूंनी, म्हणजे बुवांच्या बायकोनं, ती वाटी पुढे केली.

"नको! नकली दातांनी रामाचं नाव?"

"मग आधी चष्मा काढा!"

"अगं, चष्मा वेगळा—"

"का? नाकावर उगवला होता? आणि तुमचा राम? पाथरवटानं हात लावला, तेव्हा त्या दगडाच्या पाया पडलात ना! पाळणा सुताराचा, झबलं शिंप्याचं. माणसांच्या हातचं एवढं रामाला चालतं, आणि तुम्हाला नाही? रामापेक्षा सोवळे झालात!"

बुवांना हसूच आलं — बोळकं हसू!

रामनवमी. भर दुपार. गुलाल उधळला. पंचांचं बोट मोबाईलवर, आणि — "थांबा रे!" बुवा आले! दोरी धरली, तोंड उघडलं — खट्! कवळी हलली! पोरं फिसकन हसली. बुवांनी अंगठ्यानं दाबली, श्वास घेतला, आणि — 'दशरथ'! कसा? घंटेसारखा! काकूंनी पदर डोळ्यांना लावला.

मागून नगारा वाजवणारा म्हणाला, "बुवा, मग ते नगाऱ्याचं यंत्रही आणू ना आता?"

"मुळीच नाही! या दातांनी मला रामापुढे उभं केलं. ते यंत्र तुला घरी बसवील. नगारा तूच वाजव!"

मंडळी, निसर्गातून आलं की माणसाच्या हातून, ते नंतर विचारा. त्यानं माणूस जवळ येतो की लांब जातो, ते आधी बघा!

आणि आता — खांबाजवळचे आजोबा! मघापासून मान डोलवताय, पण कानाचं यंत्र खिशात आहे. मी पाहिलंय! लावा. आम्ही थांबतो... लावलं? येतंय ऐकू? मग आजोबा, आजचा पहिला गजर तुमचा. आम्ही मागून म्हणतो!